सोफा आत, टीव्ही बाहेर

आता जे सांगायचं आहे त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, लावा पैज. प्रज्ञानगरातल्या लोकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरी त्यातले निम्मे नंतर सहादूआबांना येऊन विचारत होते, "आबा, ही पण तुमचीच का?" नव्हती. उभ्या आयुष्यात आबांच्या तोंडून तिखटमीठ न लावता एकच गोष्ट बाहेर पडली असेल तर ती ही, आणि नेमकी तीच लोकांना पटली नाही.

जुलैतला रविवार. सकाळी पाऊस नुकताच उघडला होता. गल्ली इतकी अरुंद की समोरून बकरी आली तर माणसानं भिंतीला चिकटावं आणि बकरीनं आभार मानून पुढं जावं. त्या गल्लीत एका बाजूनं तीन माणसांचा मरून रंगाचा सोफा चालत आला, दुसऱ्या बाजूनं टीव्ही चालत आला, आणि दोघं पाण्याच्या टाकीपाशी समोरासमोर येऊन थांबले.

सोफ्याच्या पुढच्या टोकाला आबांची थोरली लेक लंकाबाई होती, मागच्या टोकाला शेजारच्या कुसाबाई. टीव्हीखाली आबांचा मुलगा बुद्धभूषण.

"सरक मागं," लंकाबाई म्हणाली.

"आक्का, तू सरक. माझ्या हातात काच आहे."

"माझ्या हातात वजन हाय."

"पण सोफा कशाला? ट्रस्टची बाई पोरीला मदत द्यायची की नाही ते ठरवायला येतेय. पोरगी बघायला नाही येत!"

"म्हणून तिला चटईवर बसवायचं? माझ्या सासरी नांदगावात कुणाला कळलं तर तोंडात शेण घालतील माझ्या."

"आणि तिनं हा मखमली सोफा बघितला तर काय लिहील? खातंपितं घर. संपलं. चैतालीचं हॉस्टेल गेलं."

"आन् तू टीव्ही काढला तर काय लिहील? ह्यांच्या भिंतीला चार भोकं हायेत म्हणून?"

कुसाबाई मागून म्हणाल्या, "बायांनो, बाप्यांनो, माझे हात गळाले. सोफा माझ्या घरातून निघालाय आणि टीव्ही माझ्याच घरी चाललाय. मला दोन्ही चालतंय, पण कुणीतरी हला."

ओट्यावर बसून आबा हे सगळं ऐकत होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तरी त्यांना तमाशाचा फड बसल्यासारखं वाटत होतं. बोलावंसं फार वाटत होतं. पण बोलायची बंदी होती.

ती बंदी पहाटेच घातली गेली होती. बुद्धभूषण अंबडच्या कंपनीत कंत्राटावर कामाला. तिथल्या कॅंटीनमध्ये त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की शिष्यवृत्तीच्या घरभेटीत फ्रिज दिसला की फाईल बंद. झालं. हुशार माणूस, पण कॅंटीनमधलं वाक्य त्याला सरकारी जीआरसारखं वाटतं. उजाडायच्या आत मिक्सर गादीखाली गेला. इस्त्री पिठाच्या डब्यात गेली. फ्रिज उचलेना, तेव्हा त्याच्यावर त्यानं गोधडी पांघरली, वर उशा, वाकळा आणि एक ट्रंक रचली, आणि तो डोंगर लांबून बघून म्हणाला, "आता कुणाला कळणार नाही." कोपऱ्यात गोधडी पांघरून कुणीतरी उभं आहे असं दिसत होतं, पण त्याला हे सांगणार कोण?

"आबा, आज तुम्ही तोंड उघडायचं नाही," तो मग म्हणाला होता.

"अजिबात?"

"अजिबात. गॅसच्या एजन्सीचा माणूस आला तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? की विंचूरला आपली वाईनची फॅक्टरी आहे."

"छोटी म्हणालो होतो."

"आणि घोडा. तो माणूस अजून मला शेठ म्हणतो, आबा. शपथ घ्या."

आबांनी शपथ घेतली. नातीसाठी घेतली. चैतालीनं सीईटीत असे मार्क पाडले होते की वस्तीच्या विहारात तिच्या नावाचा बोर्ड लागला होता. त्या जोरावर तिनं स्वतः शोधून पुण्याच्या एका ट्रस्टकडे अर्ज केला. गुणवंत मुलांचं हॉस्टेल आणि जेवण तो ट्रस्ट बघायचा. अर्ज झाला, परीक्षा झाली, फोनवर मुलाखत झाली, आता घरभेट राहिली होती. आणि कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म उद्या बंद होणार होता. आबांची बायको भिमाबाई गेल्यापासून या घरात एकही चांगली गोष्ट धड दारापर्यंत आली नव्हती. ही आली होती. तिला आपल्या तोंडानं परत पाठवायची आबांची इच्छा नव्हती.

म्हणूनच, गल्लीच्या तोंडाशी एका स्कूटीवरून उतरलेली, रेनकोट काढून हातावर टाकलेली बाई त्यांना दिसली, तिच्या गळ्यातलं ओळखपत्रही दिसलं, तरी ते गप्प राहिले. शपथ म्हणजे शपथ.

बाई टीव्हीच्या मागं येऊन थांबली. "बुद्धभूषणजींचं घर कुठलं हो?"

"हे काय, मागचंच," बुद्धभूषण मान न वळवता म्हणाला. "ताई, जरा ही वायर धरा ना. पायात येतेय."

बाईनं वायर धरली. तेवढ्यात लंकाबाई सोफा उभा करून भिंतीला लागली आणि टीव्हीला वाट झाली.

"कुठं निघाला टीव्ही?" बाईनं विचारलं.

"लपवायला. एक ट्रस्टची बाई येणारेय."

"हो का?"

"हो ना. म्हणतात फार डेंजर असतात. जपून, इथं पायरी आहे. तो रिमोट पण घेता का माझ्या खिशातून? पडेल."

बाईनं रिमोट घेतला. दोघं मिळून कुसाबाईंच्या घरात गेले. टीव्ही पलंगावर टेकवताना बाईनं त्याच्या मागं उशीही लावली, म्हणे काचेला ताण नको. बुद्धभूषणनं कपाळ पुसलं, मनापासून हात जोडले आणि म्हणाला, "लय उपकार झाले ताई. तुम्ही कोण, कुणाकडं आलात?"

"मी उज्वला," ती म्हणाली. "ट्रस्टची बाई."

ओट्यावरून आबांना फक्त एवढंच दिसलं, की कुसाबाईंच्या दारातून आत गेलेला त्यांचा पन्नाशीचा मुलगा बाहेर आला तेव्हा सत्तरीचा झाला होता.

"आबा!" तो जवळ येऊन दातांतून म्हणाला. "तुम्हाला दिसत होतं ना?"

आबांनी होकारार्थी मान हलवली.

"मग ओरडायचं ना!"

आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

सोफा आत आला तो असा, की त्यानंतर घरात दुसऱ्या कशालाच जागा राहिली नाही. स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडेना, आणि त्या अर्ध्या दारातून सून राखीचं अर्धंच तोंड दिसत होतं. राखी अंगणवाडीत शिकवते. लहान पोरांत राहून तिला एक सवय लागलेली: भांडण सुरू झालं की आधी कोण कुणाला ढकलतंय ते नीट बघायचं आणि मगच बोलायचं. सकाळपासून ती बघतच होती.

उज्वलानं आत येऊन आधी कोपऱ्यातल्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हात जोडले. आबांनी जयभीम घातला, तिनं घेतला, आणि ती सोफ्याकडे बघून म्हणाली, "मी खाली बसते हं, मला सवय आहे." ती चैतालीशेजारी चटईवर बसली. मग बाकी कुणाची सोफ्यावर बसायची हिंमत होईना. त्या मखमली सोफ्याच्या बरोब्बर मधोमध एकटे आबा बसले, सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखे.

भिंतीवरची चार भोकं तेवढी सगळ्यांकडे बघत होती.

"टीव्ही दुरुस्तीला..." लंकाबाईनं सुरुवात केली.

"टीव्ही मुळात कुसाबाईंचाच..." बुद्धभूषण त्याच क्षणी म्हणाला.

दोघं थांबले. आबांच्या जिवाला लागलं. इतकी कच्ची थाप! पोटच्या पोरांनी, परक्या बाईसमोर, मीठ न घालता वाढलेली!

बुद्धभूषणनं शेवटी हात टेकले. "आबा, तुम्हीच सांगा काय ते."

"मी? मला शपथ हाय."

"सुटली!"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "त्याचं असं हाय बाई. आमचा टीव्ही रविवारी सुट्टीवर जातो. सहा दिवस राबतो बिचारा. माणसाला सुट्टी, मग त्यानं काय पाप केलं? कुसाबाईच्या पलंगावर जरा पडतो, दिवेलागणीला परत येतो. आन् त्याच्या बदल्यात त्यांच्याकडून कुणीतरी ड्युटीवर यावं लागतं. आज सोफ्याची पाळी. मी पाटबंधारे खात्यात जन्म काढला, तिथं हीच पद्धत. बदली माणूस दिल्याशिवाय रजा नाय."

लंकाबाईनं कपाळाला हात लावला. उज्वला मात्र पेनाचं टोक गालाला लावून गंभीरपणे म्हणाली, "रजा पगारी का बिनपगारी?"

"अर्ध्या पगारी," आबा ताबडतोब म्हणाले, आणि त्यांनी बाईकडे पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं. अशी अडचणीची चौकशी करणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

"आम्ही म्हैस लपवली होती," उज्वला म्हणाली. "माझ्या वेळेला. सटाण्याकडं गाव आहे आमचं. घरभेटीला साहेब आले, तर आईनं म्हैस न्हाणीघरात कोंडली आणि पुढं पडदा लावला. साहेबांनी हात धुवायला पाणी मागितलं, आणि म्हशीनं पडद्याबाहेर तोंड काढलं. साहेब म्हणाले, आधी त्यांचं होऊ द्या."

सगळे हसले. राखीचं अर्धं तोंड हसलं. आबा हसले नाहीत. ते विचार करत होते. हे खरं असेल तर ठीकच, पण खोटं असेल तर बाई आपल्या तोलाची आहे.

"मला सामान मोजायचं नसतं, दादा," ती बुद्धभूषणला म्हणाली. "मला बघायचं असतं की पोरगी निघाली तर टिकेल का, आणि घर तिला मागं ओढतंय की पुढं ढकलतंय. चैताली, यादी दाखव."

चैतालीनं मोबाईल पुढं केला. काल दिवसभर घरात या यादीवरून जे झालं होतं ते आबांनी ऐकलं होतं. लंकाबाई आणि बुद्धभूषण मुळात बोलतच नव्हते. भिमाबाईच्या जाण्यानंतर लंकाबाई म्हणाली, आबांना मी नांदगावला नेते. बुद्धभूषण म्हणाला, मुलगा जिवंत असताना बाप लेकीच्या दारात जाणार नाही. तेव्हापासून दोघं फक्त आबांमार्फत बोलायचे. काल भाचीसाठी ती शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली, आणि यादीच्या निमित्तानं दोघांना समोरासमोर भांडता आलं. आबांना त्याचंही बरंच वाटलं.

"ही कुणी केली?" उज्वलानं विचारलं.

"सगळ्यांनी," चैताली म्हणाली. त्यात सगळं आलं.

"पहिलं नाशिकमधलंच खासगी."

"बस चौकात येते," बुद्धभूषण घाईनं म्हणाला. "पोरगी घरी राहील. आणि त्यांच्या माणसाचा रोज फोन येतोय, ताई. म्हणतो फॉर्मची वाट कशाला बघता, मॅनेजमेंटची सीट घ्या, मेरिट स्कॉलरशिप म्हणून अर्धी फी माफ."

"मॅनेजमेंटच्या सीटला सरकारची शिष्यवृत्ती लागत नाही, दादा. प्रवेशाच्या सरकारी फेरीतून गेली तर शिकवणीची फी सरकार भरेल. बाहेरून घेतलीत तर अर्धी माफ म्हणजे अर्धी तुमच्या डोक्यावर. आणि माफी किती वर्षांची?"

"पहिल्या वर्षाची म्हणाला."

"पुढची तीन?"

बुद्धभूषणनं भिंतीकडे पाहिलं.

"तरी मी म्हणत होते!" लंकाबाई खुश झाली. "पुण्याचं टाका पहिलं. पुण्याचं नाव लय मोठं. माझ्या नणंदेचा दीर हाय तिथं."

"तो चार वर्षं जेवू घालील का हिला?"

लंकाबाईचा चेहरा जरा उतरला. "तो सोताच मेसला जेवतो."

"मग खोली आणि मेस कोण देणार? आमचा ट्रस्ट त्या कॉलेजशी जोडलेला नाही." उज्वलानं बोट खाली सरकवलं. "आणि हे चौथं. कराडचं सरकारी, सिव्हिल. तुझ्या मार्कांत बसतंय. हॉस्टेल आवारातच. राहणं-जेवण आम्ही बघू शकतो. आमचं नाही जमलं तर समाजकल्याणच्या वसतिगृहाचाही अर्ज भरून ठेवायचा, एकाच दारात बसून राहायचं नाही. या चार ओळींत सिव्हिलची आणि खिशाला झेपणारी ही एक ओळ, आणि ती चौथी?" ती थांबली. "पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की तीच पक्की होते. मग चौथीपर्यंत गाडी पोचत नाही. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"सिव्हिल नको आहे का?"

"हवंय की." चैतालीनं आबांकडे बघितलं आणि हसली. "आबांमुळेच हवंय. मी लहान असताना ते रोज एक धरणाची गोष्ट सांगायचे."

"कुठली?"

आबांनी लगेच सोफ्यावर मांडी ठोकली. "पुराची. गंगापूरच्या धरणाचं दार अडकलं होतं. मी खांदा लावून धरलं. दार माझ्या खांद्यावर, आन् खाली पंचवटीत पाणी चढतंय, दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलंय. मारुती मला हाका मारतोय. एका तोंडानं म्हणतो, सहादू, सोड! दुसऱ्या तोंडानं म्हणतो, सहादू, धर! आता बाई, तुम्हीच सांगा, मी कुणाचं ऐकायचं?"

"मला सगळं खरं वाटायचं," चैताली म्हणाली. "मग पाचवी-सहावीत मी लायब्ररीत जाऊन धरणाच्या दाराचं वजन शोधलं. कित्येक टन. म्हणजे आबांनी थाप मारली. मग मला बघायचं होतं की खरं काय असतं. पाणी कसं अडवतात, दार कसं उचलतात, पाया कुठवर जातो. एका थापेमागं किती खरं वाचावं लागतं! असं करत करत सगळं वाचून काढलं."

आयुष्यभर आबांच्या गोष्टींना लोक हसले होते, जांभया देत होते, उठून जात होते. कुणी त्यांच्या मागं जाऊन पुस्तक उघडलं असेल हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. खात्यानं निवृत्तीच्या दिवशी दिलेल्या नारळापेक्षा हे जड होतं. त्यांनी उगाच सोफ्याच्या मखमलीवरून हात फिरवला.

"मग कराड चौथं का?" उज्वलानं पुन्हा विचारलं.

चैताली घड्याळाकडे बघत होती. "एक मिनिट हं, मॅडम. उशीर झालाय." ती उठली, सोफ्याच्या पाठीवरून पलीकडं गेली आणि कोपऱ्यातल्या डोंगराची गोधडी तिनं ओढली.

"चैताली!" बुद्धभूषण ओरडला. पण तोवर ट्रंक, उशा, वाकळा असं सगळं खाली आलं होतं आणि मागं फ्रिज उभा होता, पांढराशुभ्र, आंघोळ करून आल्यासारखा. बुद्धभूषणनं डोळे मिटून घेतले. चैतालीनं फ्रिजमधून औषधाची छोटी बाटली काढली, दोन्ही तळव्यांत फिरवली, सिरिंजमध्ये मोजून औषध भरलं, सुईला टोपण लावलं आणि आबांसमोर येऊन उभी राहिली. आबांनी सदरा वर केला.

"सकाळच्या गडबडीत राहूनच गेलं," ती म्हणाली. "याच्याशिवाय त्यांना खायला देता येत नाही."

उज्वलानं फ्रिजकडे बघितलं, मग सिरिंजकडे, मग पोरीकडे. "इन्सुलिन? रोज तूच देतेस?"

"सकाळ-संध्याकाळ. आजी गेल्यापासून. पप्पांच्या शिफ्ट असतात. मम्मीला सुई बघवत नाही. आबांचा हात थरथरतो."

"आणि तू कराडला गेलीस की?"

चौथ्या ओळीचं उत्तर आता सगळ्या घरासमोर सदरा वर करून बसलं होतं.

"अगं, मग सांगायचं नाय का!" लंकाबाई उसळली. "मी नेते आबांना नांदगावला. आमच्या गल्लीतच नर्सबाई राहतात."

"परत तेच!" बुद्धभूषणचे डोळे उघडले. "आबा कुठंही जाणार नाहीत. मी शिफ्ट बदलून घेतो."

"कंत्राटी माणसाला शिफ्ट बदलून देतात व्हय?"

"मग नोकरी सोडतो!"

"सोड! म्हणजे पोरगी बी घरी आन् तू बी घरी!"

या सगळ्या वेळात आबा सदरा वर धरून बसले होते. पोटावर गार वारा लागत होता. मध्येच म्हणावंसं वाटत होतं, की मला विचारा की रे कुणीतरी. पण त्यांनाही कळत होतं, की आजवर या घरानं त्यांच्या ज्या पोटाला खाऊ घातलं, तेच आज त्यांच्या नातीच्या वाटेत आडवं पडलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले. "मी माझं मीच टोचून घेईन. गेल्या महिन्यात पोरगी परीक्षेला गेली होती, तेव्हा मी घेतलंच होतं की. डोळे मिटून. एका हातानं. दुसऱ्या हातात चहा."

त्या दिवशी परीक्षेहून धावत येऊन चैतालीनंच दिलं होतं.

तेव्हा स्वयंपाकघराचं अर्धं दार करकरलं. सोफा इंचभर सरकला आणि फटीतून राखी बाहेर आली. हात पदराला पुसत ती चैतालीसमोर उभी राहिली.

"दे इकडं."

"मम्मी, तुला चक्कर येते."

"येते. लसीकरणाच्या दिवशी मी पोरं मांडीवर धरते आणि तोंड भिंतीकडं करते. सगळ्या नर्सना माहितेय." राखीचा आवाज बारीक होता, पण थांबत नव्हता. "पण पोरं धरतेच ना? आक्का, आबा इथंच राहतील. तुम्हाला वाटेल तेव्हा या, राहा, सोफा आणा. तुम्ही, चैतालीचे पप्पा, नोकरी सोडू नका. आणि तू, आधी ते कराड वर घे."

"आत्ता?"

"आत्ता. मी सुई टोचते, तू नंबर बदल. दोघी एकदमच करू. म्हणजे कुणाला मागं फिरता यायचं नाही."

बुद्धभूषणनं बहिणीकडे बघितलं. बहिणीनं भावाकडे. कित्येक महिन्यांत दोघं पहिल्यांदाच एका बाजूला होते, आणि ती बाजू राखीची होती. लंकाबाई उठली आणि तिनं राखीच्या खांद्यावर हात ठेवला. "मी धरते तुला. पडलीस तर सोफा हायेच."

उज्वलानं आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं. "निकाल कमिटी देते, मी देत नाही," ती म्हणाली. "पण शेरा माझा असतो. फ्रिज आहे, औषधासाठी. टीव्ही आहे, सध्या अर्ध्या पगारी रजेवर. आणि घर पुढं ढकलतंय."

बुद्धभूषणनं तिला हात जोडले. मग त्यानं तिच्या हातातला रिमोट परत घेतला. इतका वेळ तो तिच्याकडेच होता.

चैतालीनं मोबाईलवर चौथ्या ओळीवर अंगठा ठेवला. राखी सोफ्यासमोर गुडघ्यावर बसली. एका हातानं तिनं सासऱ्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, दुसऱ्या हातात सिरिंज. तिचा श्वास आबांना ऐकू येत होता, जोरजोरात, डोंगर चढून आल्यासारखा. या बाईनं या घरात आल्यापासून आपल्याला किती ताटं वाढली असतील, आबांनी मनात आणून बघितलं, पण आकडा लागेना. आज ती त्यांच्यासाठी स्वतःच्या भीतीवर चालून आली होती. तिला थोडं तरी सोपं करून द्यायला हवं होतं, आणि आबांकडे त्यासाठी एकच सामान होतं.

त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"वा!" ते मोठ्यानं म्हणाले. "वा गं पोरी! काय हात हाय! मुंगीनं पाय ठेवला तरी कळतं, पण हे कळलंसुद्धा नाय. सुई गेली कधी, आली कधी! खात्याच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरनं मला अशी सुई दिली नव्हती. दुखलं म्हणशील तर शपथेवर सांगतो, तसूभर नाय!"

मग राखीचा आवाज आला, थरथरत, पण हसू आवरत नसलेला.

"आबा, खोटं बोलताय. मी अजून टोपणच काढलं नाही."